शटर कुणाच्या हातात

कोल्हापुरात ‘सध्या काय करतीस?’ या प्रश्नाला दोनच उत्तरं चालतात. नोकरी, नाहीतर धंदा. नोकरी म्हटलं की लगेच ‘पर्मनंट का?’ आणि धंदा म्हटलं की ‘जागा स्वतःची का भाड्याची?’ एवढ्यात माणसाची पत ठरते, मग चहा येतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे जे चालून आलं ते या दोन्ही खणांत बसत नव्हतं. त्यामुळे आमच्या घरी चहा बराच झाला आणि पत काही ठरेना.

झालं होतं असं. माझ्या कॉलेजमधल्या एका मित्रानं पुण्यात दोघांना बरोबर घेऊन कंपनी काढली आहे. कारखान्यांना लागणारी बेअरिंगं, ऑइल सील, ड्रिल, इन्सर्ट असला माल ऑनलाइन मागवता यावा, हे त्यांचं काम. गुंतवणूकदारांचे पैसे मिळालेत, बाणेरला ऑफिस आहे, पंचवीसेक माणसं आहेत. तंत्रज्ञानाची बाजू मी सांभाळावी, पगार थोडा कमी घ्यावा आणि त्या बदल्यात कंपनीत अर्धा टक्का हिस्सा घ्यावा, असं त्याचं म्हणणं. मी तेव्हा एका मोठ्या कंपनीची नोकरी राजारामपुरीतल्या घरात बसून करत होते. डोक्यात मात्र बरेच दिवस वेगळंच घोळत होतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या लहान फौंड्र्यांना, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांना, रिजेक्शनचा, म्हणजे बाद झालेल्या मालाचा, हिशेब ठेवायला एक सुटसुटीत सॉफ्टवेअर करून द्यायचं. माझं स्वतःचं. बिलावर माझं नाव.

मोबाइलवर या विषयाचं ज्ञान फुकट आणि मुबलक मिळतं. एक जण गाडीत बसून सांगतो की नोकरी म्हणजे गुलामी. दुसरा तसल्याच गाडीत बसून सांगतो की आधी स्टार्टअपमध्ये शिका, मग स्वतःचं काढा. दोघांचं उत्पन्न बहुधा हे सांगण्यातूनच येत असावं, तेव्हा त्यांचा धंदा बरा चाललाय म्हणायला हरकत नाही.

घरचं ज्ञान जास्त रोखठोक होतं. काकी म्हणाली, ‘पुण्याला जायचं आणि पगार कमी घ्यायचा? मग पुण्याला जायचं कशाला?’ नवरा हायस्कुलात गणित शिकवतो. तो म्हणाला, ‘तुला वाटतं ते कर.’ हे वाक्य ऐकायला गोड आणि निर्णयाला निरुपयोगी. आईनं फक्त पोराच्या शाळेचं काय, एवढंच विचारलं. आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अर्ध्या टक्क्याची सगळी कथा डोळे मिटून ऐकून घेतली आणि एकच विचारलं.

‘हिस्सा देतो म्हणतोय. बरं. मग उद्या शटर ओढायची वेळ आली तर कोण ओढणार? तुला इचारणार काय?’

‘आबा, अजून मी गेले पण नाही आणि तुम्ही बंद व्हायचं काय बोलताय?’

‘चालू कुणीबी करतंय पोरी. बंद कवा करायचं हे कुणाच्या हातात हाय, ते बघ.’

तेव्हा मला ते नकारघंटेसारखं वाटलं. पण आबा हे बोलले ते ऐकीव नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं दुकान मिटवलेलं आहे.

आबांचं उद्यमनगरात पॅटर्न शॉप होतं. फौंड्रीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ज्या साच्यात ओततात, त्या साच्याच्या वाळूत आधी एक आकार दाबून काढावा लागतो. तो आकार आबा लाकडात घडवायचे. बहुतेक सागवानात. पंपाची केसिंगं, इंजिनाचे भाग, पुली, ब्रॅकेट. वाळूतून वर उचलताना साच्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून पॅटर्नच्या बाजूंना डोळ्याला न दिसेल इतका उतार ठेवायचा, जिथे पुढे मशीन लागणार तिथे थोडा माल जादा सोडायचा, आतले कोपरे गोलसर भरून घ्यायचे. त्यांच्याकडे एक पोलादी पट्टी होती जिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा थोडा मोठा होता. ओतलेलं बीड निवताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करायचा, आणि प्रत्येक मापाला गणित घालत बसायला नको म्हणून पट्टीच तशी. पोलादाच्या ओतकामाची पट्टी वेगळी, फुटाला दोन सुतांची. लहानपणी ती पट्टी मी एकदा भूमितीच्या गृहपाठाला वापरली होती आणि बाईंनी सगळी मापं चुकीची म्हणून लाल रेघ मारली होती, ते आबा अजून पाहुण्यांना सांगतात.

पुढे ड्रॉइंग कॉम्प्युटरवर आलं, ॲल्युमिनियमचे पॅटर्न व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, थेट कापून निघायला लागले, आणि लाकडाचं काम वर्षागणिक उतरत गेलं. गल्लीतल्या काहींनी कर्ज काढून मशीन घेतलं, काहींनी काम नसताना शेड चालू ठेवून देणी वाढवली. आबांनी एका दसऱ्याला खंडेनवमीची पूजा झाल्यावर दोन्ही कारागिरांना बसवून सांगितलं की पुढच्या पाडव्याला मी थांबणार. मधल्या महिन्यांत हातातली कामं पुरी केली. येणी वसूल केली. जी वसूल होणार नव्हती त्यांची नावं वहीत खोडून टाकली. बँडसॉ थोरल्या कारागिराला दिला, हप्त्यानं, व्याज नाही. पाडव्याच्या आधी शेडची किल्ली मालकाच्या हातात ठेवली आणि घरी येऊन जेवले. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते आणि मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, इतक्या व्यवस्थित बंद झालेला धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

तर हा प्रश्न घेऊन मी मित्राला फोन केला.

त्याआधी थोडं कोल्हापूरचं सांगते, कारण आपल्याकडे या विषयावर कुणी भाषणाला उभा राहिला की प्रभात फिल्म कंपनीची गोष्ट येतेच. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं शिल्प उभं आहे ते बाबूराव पेंटरांच्या स्मरणार्थ. नाटकाचे पडदे रंगवणारा हा माणूस. आनंदराव या भावाबरोबर कॅमेरा बनवायच्या मागे लागला, आनंदराव १९१६ साली गेले, तरी यांनी तो कोल्हापुरात, इथल्याच मिस्त्री मंडळींच्या मदतीनं पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तिला आजच्या भाषेत स्टार्टअप म्हणायला काहीच हरकत नाही: भांडवल तुटपुंजं, यंत्र घरगुती, आणि प्रत्येकानं पडेल ते काम करायचं. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ही माणसं तिथे घडली. १ जून १९२९ रोजी ही चौघं बाहेर पडून आणि भांडवलासाठी सीतारामपंत कुलकर्णी यांना घेऊन प्रभात निघाली, तीही कोल्हापुरातच. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली.

भाषणात ही गोष्ट ‘नोकरीवर लाथ मारली’ अशी सांगतात. टाळ्या पडतात. पण जरा हिशेब मांडून बघा. ही माणसं दुसऱ्याच्या कंपनीत बरीच वर्षं हात काळे करून बाहेर पडली होती. एकाला यंत्र कळत होतं, एकाला नेपथ्य, एकाला कॅमेरा, एकाला दिग्दर्शन, आणि पाचव्याकडे पैसा होता. यातला कुणी एकटा एका डोक्याच्या जोरावर निघाला नव्हता. आणि गोष्ट १९२९ ला संपत नाही, जरी भाषण संपत असलं तरी. १९४२ मध्ये शांताराम प्रभातमधूनही बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल काढली. म्हणजे स्वतःची कंपनीसुद्धा माणूस सोडून जातो. भागीदारी कशी सुरू झाली हे सगळ्यांना पाठ असतं; ती सुटताना कुणाला काय मिळालं हे कुणी विचारत नाही.

मला तेच विचारायचं होतं. मित्र बिचारा सरळ आहे. त्यानं कागद पाठवले, वर दोन तास फोनवर बसला.

अर्धा टक्का म्हणजे हातात शेअर नव्हेत. ते इसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या भावात शेअर विकत घ्यायचा हक्क. तोही चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं पिकणारा. पहिल्या वर्षाच्या आत निघालं तर शून्य. नोकरी सोडली की पिकलेला हक्क नव्वद दिवसांत वापरायचा, म्हणजे खिशातून पैसे भरून शेअर घ्यायचे, नाहीतर तो बुडाला. शेअर घेतले की त्या दिवशीची त्यांची किंमत आणि आपण मोजलेली किंमत यातला फरक आयकर खातं पगार समजतं आणि त्यावर कर लावतं. शेअर बाजारात नाहीत, विकता येत नाहीत, तरी कर. ठरावीक मान्यता असलेल्या स्टार्टअपमधल्या लोकांना हा कर पुढे ढकलायची सोय २०२० च्या अर्थसंकल्पात झाली, पण नोकरी सोडली की ती सवलत तिथेच संपते. थोडक्यात, ज्या दिवशी आपण बाहेर पडतो त्याच दिवशी सगळी देणी एकदम दारात येतात.

बरं, अर्धा टक्का अर्धा राहतो का? कंपनी नवे पैसे उभे करते तेव्हा नवे शेअर निघतात आणि जुन्यांचा वाटा पातळ होतो. दोन फेऱ्या झाल्या आणि दर फेरीला पाचवा हिस्सा नव्या लोकांना गेला, तर अर्ध्याचे ०.४० आणि पुढे ०.३२ होतात. आता समजा कंपनी वीस कोटींना विकली गेली. मी मनात वीस कोटींचे ०.३२ टक्के, म्हणजे सहा लाख चाळीस हजार, असं धरलं होतं. मित्र म्हणाला, थांब. गुंतवणूकदारांनी पंधरा कोटी घातलेत असं धर. करारात असतं की विक्री झाली तर आधी त्यांचे पंधरा बाजूला. उरले पाच. त्यांच्याकडे निम्मी कंपनी असली तर ते पाच कोटी बाकीच्या निम्म्यात वाटायचे. माझ्या वाट्याला तीन लाख वीस हजार. त्यातून शेअर घ्यायला भरलेले पैसे वजा, कर वजा. चार वर्षं कमी पगार घेतल्याचं मोल म्हणून हे धरायचं, तर एवढा तोटा मी पुण्याला न जाता घरबसल्या करू शकते, असं मी म्हटलं. तो हसला, पण फार नाही.

अर्थात कंपनी दोनशे कोटींना गेली तर गणित पार बदलतं. तशा गेलेल्या आहेत. मी कुणाला इसॉप घेऊ नका म्हणत नाही. पंचविशीत असते, घराचा हप्ता नसता, तर मीच बॅग भरली असती. नवख्या माणसाला मोठ्या कंपनीत पाच वर्षांत जे बघायला मिळत नाही ते वीस माणसांच्या कंपनीत वर्षात मिळतं, हे मी माझ्या बरोबरच्यांचं बघितलंय. फक्त तो पगारातला कापलेला पैसा म्हणजे शिकायची फी समजावी. परत आला तर दिवाळी.

मग मी आबांचा प्रश्न विचारला. शटर कोण ओढणार?

तो म्हणाला, ‘बोर्ड.’

बोर्डात कोण? आम्हा तिघांतले दोघं आणि गुंतवणूकदारांचा एक माणूस. कंपनी विकायची, बंद करायची, धंदा बदलायचा, नवे पैसे घ्यायचे, यातल्या बऱ्याच गोष्टींना गुंतवणूकदारांची लेखी संमती लागते. खात्यात चौदा महिन्यांचे पगार आहेत. त्याच्या आत पुढची फेरी झाली नाही तर काय, हे त्यांच्याशी बोलून ठरेल.

म्हणजे ते त्याच्याही हातात नव्हतं. ज्यानं कंपनी काढली, जो रात्री दोनला जागा असतो, ज्याच्या नावाच्या बातम्या त्याची आई कात्रण काढून ठेवते, त्यालाही ‘आता पुरे’ म्हणायला तिघांची सही लागणार. मला तोवर वाटत होतं की मी नोकर आणि मालक यांतून निवड करतेय. प्रत्यक्षात तो मालक उरला नव्हता आणि मी अर्ध्या टक्क्यानं मालक होणार नव्हते. यात त्याचा काही दोष नाही. दुसऱ्याच्या पैशावर वेगानं मोठं व्हायचं तर तो सौदा करावाच लागतो, आणि त्यानं तो डोळे उघडे ठेवून केला होता.

आता दुसरी बाजू. स्वतःचं.

शिरोलीत एका फौंड्रीत मी चार-दोन वेळा जाऊन बसले होते. दुपारची वेळ. भट्टीचं ओतकाम संपलेलं, वाळू झडझडून कास्टिंग बाहेर पडत होती. शेडच्या एका कोपऱ्यात रिजेक्शनचा ढीग, प्रत्येकावर खडूनं फुली. मालक साठीचे. त्यांनी ढिगातून एक ब्रॅकेट उचललं, मशीन झालेल्या चकचकीत बाजूवर नखानं टोकरून दाखवलं. टाचणीच्या डोक्याएवढं भोक.

‘हे आमच्याकडनं जाताना दिसत न्हवतं मॅडम. गिऱ्हाईकानं खरडल्यावर दिसलं. त्यांच्या मशिनिंगचा खर्च पण आमच्याच अंगावर.’

तोवर ते ओतून कित्येक आठवडे झालेले असतात. त्या दिवशी वाळूत ओल किती होती ते एका वहीत. धातूचं तापमान दुसऱ्या वहीत, तेही लिहिलं असेल तर. पाळी कुणाची होती ते हजेरीत. कास्टिंगवर ते कुठल्या वितळणीचं हे सांगणारा हीट नंबर असतो, पण त्या नंबरावरून तिन्ही वह्या उघडून बसायला सवड कुणाला आहे? सुपरवायझर ढिगाकडे बघून म्हणतो, वाळूचा प्रॉब्लेम. वाळूवाला म्हणतो, धातू थंड होता. महिनाअखेर येते, गिऱ्हाइकानं पैसे कापल्याची डेबिट नोट येते, विषय मिटतो. मला करायचं होतं ते एवढंच: हीट नंबर टाकला की त्या दिवसाचं सगळं समोर यावं, आणि सहा महिन्यांनी कळावं की भोकं सोमवारच्या पहिल्या पाळीत जास्त पडतात की पावसाळ्यात. यात जगावेगळं काही नाही. मोठ्या फौंड्र्यांत असल्या व्यवस्था आहेत. लहानांना त्या परवडत नाहीत आणि त्या वापरायला वेगळा माणूस ठेवणं तर त्याहून परवडत नाही.

मालकांना कल्पना पसंत पडली. ‘करूया की!’ म्हणाले. मी हवेत. घरी येऊन वहीत आकडे मांडले: अमुक इतक्या फौंड्र्या, महिन्याला अमुक रुपये. आबांनी वही ओढून घेतली, चष्मा कपाळावर नेला.

‘बीड फुटाला एक सूत आकसतंय, पोलाद दोन सूत. तुझं गिऱ्हाईक किती आकसतंय?’

मग आम्ही दोघांनी मिळून पुन्हा आकडे मांडले. दहा जण ‘करूया की’ म्हणाले तर तीन धरायचे. त्या तिघांतला एक पैसे लांबवणार, तो धरायचाच नाही. उरलेले दोन पण पहिल्या तीन महिन्यांनी. इतकं आकसून जे उरलं त्यात घर चालत नव्हतं, पण धंदा चालत होता. घर नवऱ्याच्या पगारावर. ही सोय सगळ्यांना नसते, आणि धाडसाच्या गोष्टी सांगताना लोक ती सांगत नाहीत म्हणून मी सांगून टाकते.

पैसे लांबतात यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. फौंड्रीवाल्याला त्याचं मोठं गिऱ्हाईक दोन-तीन महिन्यांनी पैसे देतं, मग तो पिग आयर्नवाल्याला थांबवतो, आणि सॉफ्टवेअरवाली बाई तर रांगेत सगळ्यात शेवटी, कारण तिच्यावाचून भट्टी बंद पडत नाही. कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यायचे, नाही दिले तर चढं व्याज. २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून आयकरातही तरतूद आली की वेळेत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते, ती मी पहिल्याच दिवशी केली. पण गाव लहान. ज्याला कायदा दाखवायचा तो उद्या कुणाच्या तरी लग्नात शेजारच्या ताटावर असतो.

आणि पाणी. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीला हायवेवर आलं, पुणे-बेंगळुरू रस्ता बंद, दोन्हीकडे ट्रकच्या रांगा. माल तयार, पाठवायला वाट नाही. ते मालक म्हणाले होते की त्या महिन्यात एक नग बाहेर गेला नाही, पण पगार गेला, विजेचं बिल गेलं, बँकेचा हप्ता गेला. माझ्या सॉफ्टवेअरला ना भट्टी ना ट्रक. तेव्हा स्वतःच्या जोखमीला जोखीम म्हणताना मी त्यांच्यासमोर तरी आवाज बारीक ठेवते.

कर्जाचं बघायला एका बँकेत गेले होते. मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे मी वाचून गेले होते. समोरच्या साहेबांनी माझे कागद चाळले, मग विचारलं, ‘मिस्टर कुठं असतात?’ मी सांगितलं, हायस्कुलात शिकवतात. त्यांचा चेहरा उजळला. ‘मग त्यांची सॅलरी स्लिप जोडा की!’ माझा पगार मिस्टरांच्या दुपटीहून जास्त होता. तो मी सोडणार म्हटल्यावर त्याला किंमत नव्हती, हे साहेबांचं तर्कशास्त्र चूक म्हणता येत नाही. तरी मी कागद उचलून आणले. राग हे त्याचं अर्धंच कारण.

उरलेलं कारण सीएकडे कळलं. मला ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हवं होतं. ऐकायला बरं वाटतं, व्हिजिटिंग कार्डावर शोभतं. ते म्हणाले, काढायला काही दिवस लागतील, काढून देतो. पण मग उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट, दरवर्षी रजिस्ट्रारकडे विवरणं. बंद करायची झाली तर आधी सगळी देणी मिटवायची, राहिलेली विवरणं भरायची, मग अर्ज, मग वाट बघायची. प्रोप्रायटरशिपला, म्हणजे एकट्याच्या नावावरच्या धंद्याला, यातलं काही नाही, फक्त देणं झालं तर ते थेट तुमच्या अंगावर, घरादारावर येतं. ‘तुम्ही कर्ज काढणार आहात का?’ मी नाही म्हटलं. ‘माणसं ठेवणार?’ आत्ता नाही. ‘मग प्रोप्रायटरशिपच करा. जीएसटीला सेवेसाठी वीस लाखांची मर्यादा आहे, तोवर तीही कटकट नाही. वाढलं तर कंपनी करू, कुठं पळून जातीय?’

त्या संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. कर्ज काढून, घर गहाण टाकून स्वतःचं सुरू केलं असतं, तर माझी अवस्था मित्रापेक्षा वेगळी झाली नसती. त्याला बोर्ड, मला बँक. नको झालं तरी थांबता येणार नाही. माझी नोकरी सोडायची तयारी होती, पुण्याला जायचीही होती. दुसऱ्याच्या संमतीशिवाय थांबता न येणं, याची मात्र नव्हती, आणि ते मला तिथे भेळ खाताना प्रथमच धड शब्दांत सांगता आलं. नवरा म्हणाला, ‘मग किती बुडाल्यावर थांबायचं ते लिहून दे.’ गणिताचा माणूस.

लिहून दिलं. बचतीतली अमुक एवढी रक्कम. तिच्या खाली खातं गेलं की त्या महिन्यात नवं काम घ्यायचं नाही, असलेल्या गिऱ्हाइकांना त्यांची माहिती काढून द्यायची, देणी मिटवायची आणि नोकरी शोधायची. कागद त्यानं एलआयसीच्या फायलीत ठेवलाय. आबांना दाखवला तेव्हा त्यांनी वाचून परत दिला आणि म्हणाले, पोराच्या शाळेची फी यात धरलीय का? धरली नव्हती. मग धरली.

मित्राला नाही सांगितलं तेव्हा त्याला वाईट वाटलं, पण आठवड्यानं त्यानंच फोन करून विचारलं की तुझे फौंड्रीवाले इन्सर्ट कुठून घेतात. धंदेवाईक माणूस.

पहिलं गिऱ्हाईक ते शिरोलीचेच मालक. निम्मे पैसे आधी मागितले तर म्हणाले, ‘ॲडव्हान्स कशाला? आम्ही काय पळून चाललोय?’ मी म्हटलं, तुम्ही नाही, मी पळून गेले तर? तुमचं काम अर्धवट राहायला नको, म्हणून माझ्यावर बंधन. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि चेक लिहिला.

तिथल्या सुपरवायझरला माझी पडद्यावरची यादी पसंत नव्हती. ब्लो होल, सँड इन्क्लुजन, कोल्ड शट असं मी पुस्तकाप्रमाणे लिहिलं होतं, आणि तो प्रत्येक वेळी ‘इतर’वर बोट ठेवून मोकळा होत होता. पहिल्या पंधरवड्याच्या नोंदींत जवळजवळ सगळं रिजेक्शन ‘इतर’ निघालं. आता यादीत भोक, वाळू, गार धातू असं आहे, अक्षरं मोठी आहेत, आणि हातमोजा न काढता बटण दाबता येतं. नोंदी बऱ्या यायला लागल्यात. उरलेलं बिल सोमवारी देतो म्हणालेत. कुठला सोमवार, ते मी अजून विचारलेलं नाही.